नारळाची दाट साय काढण्यासाठी घरगुती ज्यूसर कोणता घ्यावा?

परसदार (ठाणे):

आमचे मूळ गाव मालवणजवळ असल्यामुळे घरात नारळाच्या रसाला सुट्टी अशी नसते. सोलकढी, शिरवाळ्यांचा रस आणि श्रावणातल्या खिरी हे सगळे आजवर आईच्या हातचे होते. आता तिचा उजवा खांदा आखडला असून खवणीवर बसून तीन नारळ खवणे आणि नंतर चव पिळणे तिला झेपत नाही. शिवाय माझ्या धाकट्या मुलाला गाईम्हशीचे दूध वर्ज्य सांगितलेले असल्यामुळे त्याच्या खिरीवर घालण्यासाठी मला नुसते नारळाचे दूध नव्हे, तर चमच्यात धरले तर लगेच ओघळणार नाही इतकी दाट साय हवी असते. आठवड्याला साधारण तीन ते चार नारळ लागतात.

माझ्याकडे 750 वॅटचा मिक्सर आहे. चार वर्षांपूर्वी एक वेगाने फिरणारा ज्यूसरही घेतला होता, परंतु त्यात खोबऱ्याच्या फोडी घातल्यावर यंत्र ओट्यावर थरथरत सरकू लागे आणि जाळीत ओला चोथा तसाच अडकून राही. चोथा हातात घेऊन दाबला, तर त्यातून पुन्हा पांढरे दूध निघे, म्हणजे निम्मा नारळ वायाच जात होता. आता मंद गतीचा, दाबून रस काढणारा ज्यूसर घ्यावा असे मनात आहे. मात्र त्याची किंमत पाहता, ज्यांनी खरोखर नारळासाठी तो वापरला आहे त्यांचा अनुभव आधी ऐकावा असे वाटले. तो ओले खोबरे पेलतो का? घेताना नेमके काय पाहावे?

चव आणि चोथा (रत्नागिरी):

मी गेली सहा वर्षे मंद गतीच्या ज्यूसरवर नारळाचे दूध काढतो आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या जुन्या ज्यूसरचा दोष नारळात नाही, यंत्राच्या रीतीत आहे. त्यात खाली किसणीची चकती असते, ती मिनिटाला हजारो फेरे घेते आणि किसलेला गर जाळीवर भिरकावला जाऊन पाणीदार रस बाहेर पडतो. संत्रे किंवा गाजर यांना हे पुरते, कारण त्यांचा रस पातळ असतो. नारळाचा रस मात्र स्निग्ध आणि चिकट असून तो खोबऱ्याच्या पेशींत बसलेला असतो. पेशी चिरडल्याशिवाय आणि वरून दाब दिल्याशिवाय तो सुटत नाही, नुसत्या गरगर फिरण्याने तर नाहीच. मंद गतीच्या यंत्रात मळसूत्रासारखा जाड दंड मिनिटाला साधारण 40 ते 60 फेरे घेत खोबरे जाळीवर रगडत नेतो. आजीच्या पाट्यावरवंट्याचे रगडणे आणि पंचातले पिळणे ही दोन्ही कामे तिथे एकाच जागी होतात.

तरीही खोबरे पेलते का, याचे उत्तर सरसकट ‘हो’ असे देणे योग्य होणार नाही. पिकल्या नारळाचे खोबरे कडक आणि तंतुमय असते, आणि मोठ्या फोडी एकदम लोटल्या तर दंड अडकतो, मोटर घुमते, आणि प्रसंगी जाळीला किंवा दंडाच्या टोकाला तडा जातो. माझी पहिली जाळी अशीच गेली. म्हणून दुकानात सर्वांत आधी माहितीपुस्तिका मागून घ्यावी आणि तिच्यात नारळाचा उल्लेख परवानगी असलेल्या पदार्थांत आहे की वर्ज्य पदार्थांत, हे स्वतः वाचावे. विक्रेत्याच्या तोंडी हमीवर विसंबू नये. उलट दिशेने फिरवण्याचे बटण आहे का, जाळी आणि दंड सुटे विकत मिळतात का, आणि यंत्र सलग किती मिनिटे चालवावे असे सांगितले आहे, या तीन गोष्टी वॅटच्या आकड्यापेक्षा महत्त्वाच्या आहेत. या यंत्रांची मोटर बहुधा दीडशे ते अडीचशे वॅटचीच असते, त्यामुळे मिक्सरच्या 750 वॅटशी तिची तुलना करून तिला कमजोर समजू नये.

आता रीत. फोडलेल्या नारळाच्या वाट्या रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून सकाळी बाहेर काढल्या, की खोबरे करवंटीपासून अलगद सुटते. पाठीवरची तपकिरी साल सोलाण्याने काढावी, अन्यथा सायीला करडी छटा आणि किंचित तुरटपणा येतो. (खवणीवर हे आपोआप होते, कारण हात सरावलेला असला की करवंटीच्या कडेशी तो स्वतःच थांबतो.) नंतर बोटाच्या पेराएवढे पातळ तुकडे करून ते कोमट पाण्यात अर्धा तास भिजत ठेवावेत. यंत्रात मूठभर तुकडे, त्यावर दोन चमचे कोमट पाणी, आणि चोथ्याच्या तोंडातून कोरडा, बुचासारखा घट्ट चोथा बाहेर येऊ लागल्यावरच पुढची मूठ, असा क्रम धरावा. पहिल्या नारळाच्या वेळी घाई करू नये.

खोबरे फ्रिजमधून काढल्याबरोबर थंडगार असताना मात्र यंत्रात घालू नये. नारळाचे तेल सुमारे 24 अंशांखाली गोठते, त्यामुळे थंड खोबरे रगडताना दुधाऐवजी लोण्यासारख्या गुठळ्या होतात आणि त्या जाळीच्या छिद्रांत बसतात.

स्निग्धांश (नागपूर):

वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त साय आणि दूध यांतला फरक स्पष्ट व्हावा म्हणून थोडी भर घालते, कारण मूळ प्रश्न सायीचा आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या संस्थेच्या 2003 च्या मानकात नारळाच्या दुधात किमान 10 टक्के आणि नारळाच्या क्रीममध्ये किमान 20 टक्के स्निग्धांश अपेक्षित आहे. ताज्या खोबऱ्यात स्निग्धांश साधारण एक तृतीयांश असतो. म्हणजे साय होणार की दूध, हे यंत्रापेक्षा आपण किती पाणी घालतो यावर जास्त ठरते. वाटीभर चवात वाटीभर पाणी घातले, तर कितीही महाग यंत्र आणले तरी साय मिळणार नाही.

साय मिळवण्याचा दुसरा मार्ग विनाखर्चाचा आहे. मिक्सरवर काढलेले दाट दूध उंच, अरुंद काचेच्या बरणीत भरून सहा-सात तास फ्रिजमध्ये ठेवावे. स्निग्धांश पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे वर येतो आणि थंडीने घट्ट होतो. सकाळी बरणीच्या वरच्या भागात पांढरा, चमच्याने कापता येणारा थर असतो आणि खाली किंचित निळसर, पातळ पाणी राहते. ते पाणी फेकू नये. त्यात आगळ (कोकमाचा रस), ठेचलेली लसूण आणि मिरची घालून चांगली सोलकढी होते. मुलाच्या खिरीवर घालण्यापुरती साय हवी असेल, तर यासाठी नवे यंत्र घेण्याची गरज नाही.

सायीचा थर उकळत्या खिरीत मात्र घालू नये. नारळाच्या दुधातले तेलाचे थेंब प्रथिनांमुळे पाण्यात तरंगत राहतात, आणि जास्त उष्णतेने ती प्रथिने आकसली की तेल वेगळे सुटते. खीर खाली उतरवून, थोडी निवल्यावर साय घालून हलक्या हाताने ढवळावी.

माडाखाली (वेंगुर्ला):

आमची छोटी खाणावळ आहे आणि दिवसाला दहा-बारा नारळ लागतात. आम्ही विजेवर चालणाऱ्या खवणीवर खवतो, मिक्सरमध्ये कोमट पाण्याने दोनदा फिरवतो आणि मळसूत्री हातदाबणीत पिळतो. घरच्या आठवड्याच्या चार नारळांसाठी हातदाबणी नक्कीच पुरेल. तिचा दांडा फिरवायला पिळण्याइतकी ताकद लागत नाही, आणि आपल्या आईचा त्रास खवण्याचा व पिळण्याचा, असा दोन्ही ठिकाणचा आहे, हे लक्षात घेतले तर त्यावरचा खरा मार्ग असा आहे की, खवण्याचे काम यंत्राकडे द्यावे आणि पिळण्याचे दाबणीकडे. नुसता ज्यूसर आणला, तर खोबरे करवंटीतून सोडवणे, सोलणे आणि चिरणे हे काम तसेच राहते, किंबहुना वाढते.

नारळ निवडतानाही लक्ष द्यावे. शहाळ्यासाठी लावलेल्या ठेंगू जातींचे खोबरे पातळ असते. आमच्याकडच्या बाणवली या उंच जातीचा बारा महिने पूर्ण भरलेला नारळ कानाशी हलवून पाहिला, की पाण्याचा स्पष्ट आवाज येतो, आणि त्याचे खोबरे जाड व रसदार असते. पहिला रस काढल्यानंतरचा चोथा बोटांत चोळून पाहावा. बोटे तुपकट झाली, तर त्यात दूध अजून बाकी आहे; तो पुन्हा कोमट पाण्यात कालवून पिळावा आणि हा दुसरा रस आमटीला किंवा भाताला वापरावा.

चव आणि चोथा (रत्नागिरी):

हातदाबणीबाबतचे म्हणणे पटले. माझ्याकडे घरात भाज्या-फळांचा रसही रोज निघतो, म्हणून ज्यूसर सार्थकी लागला; केवळ नारळासाठी मीही तो घेतला नसता. आणखी एक सूचना राहिली होती. कोणतेही साधन घेतले तरी जाळी आणि दाबणी काम संपताच कोमट पाण्याने व थोड्या साबणाने धुवावी. तासभर तशीच ठेवली, तर स्निग्धांश छिद्रांत गोठतो आणि दुसऱ्या दिवशी सायीला खवट वास लागतो. काढलेली सायही उन्हाळ्यात ओट्यावर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नये आणि फ्रिजमध्ये ठेवली तरी दोन दिवसांत संपवावी.

परसदार (ठाणे):

सर्वांचे मनापासून आभार. मागचे दोन आठवडे ज्यूसरची खरेदी थांबवून आधी बरणीचा प्रयोग केला. तीन नारळांचा चव मिक्सरमध्ये तीन वाट्या कोमट पाण्यात फिरवला आणि मलमलीतून पिळला. सकाळी वरचा थर माझ्या अंगठ्याच्या रुंदीएवढा जाड होता. मुलाने तो खिरीवर न घालता नुसताच पोळीला लावून खाल्ला. खालच्या पाण्याची सोलकढी आईने स्वतः चाखून मीठ सांगितले.

खवण्याचे काम अजून माझ्याच हातावर आहे, त्यामुळे पुढच्या महिन्यात विजेवरची खवणी आणि मळसूत्री दाबणी घ्यायचे ठरवले आहे. दाबणी पोलादाची घ्यावी की ॲल्युमिनियमची, हे वेंगुर्ल्याच्या सदस्यांनी सांगितल्यास खरेदीला निघता येईल.

माडाखाली (वेंगुर्ला):

पोलादाचीच घ्यावी. ॲल्युमिनियमच्या दाबणीत आगळ घातलेला रस चुकून जरी पडला, तरी आंबटपणाने धातू काळवंडतो आणि रसाला चव लागते. दाबणीचे खालचे पात्र काढून धुता येते का, हे दुकानातच सोडवून पाहावे, आणि मळसूत्राच्या आट्यांना बाजारातले वंगण न लावता थोडे खोबरेल लावावे.