रायझन ५ २६०० प्रोसेसर काढून ५६०० बसवावा का?

प्रश्न :
माझ्याकडे बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, वेगळे ग्राफिक्स कार्ड आणि २०१८ साली बाजारात आलेला एएमडीचा रायझन ५ २६०० प्रोसेसर आहे. मुख्य काम व्हिडिओ संपादनाचे. अधूनमधून गेम खेळतो. याच बोर्डावर ५६०० किंवा ५६००जी बसवण्याचा विचार आहे. मात्र जुन्या-नव्या प्रोसेसरांत कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) सहाच आणि थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामे) बाराच असून कमाल वेग ३.९ वरून ४.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे जेमतेम १३ टक्के वाढतो. एवढ्यासाठी पैसे घालावेत, की नवा बोर्ड घेऊन इंटेलचा आय५-१२४०० बसवावा?

प्रतिसाद १ :
गिगाहर्ट्झची तुलना एकाच पिढीतल्या प्रोसेसरांपुरती ठीक. २६०० मध्ये तीन-तीन कोअरचे दोन गट असून प्रत्येकाला ८ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरमधलीच वेगवान स्मृती) मिळते. एका गटाला दुसऱ्याकडची माहिती लागली की वेळ जातो. ५६०० मध्ये सहाही कोअर ३२ एमबीची एकच कॅशे वापरतात, शिवाय त्याच गिगाहर्ट्झला प्रत्येक कोअर बरेच अधिक काम उरकतो. गेममध्ये हा फरक स्पष्ट जाणवेल. टीडीपी (किती उष्णता बाहेर टाकावी लागेल याचा आकडा) मात्र दोन्हींचा ६५ वॉटच आहे.

प्रतिसाद २ :
५६००जी तुमच्यासाठी नाही. त्यात अंतर्गत ग्राफिक्स आहे, पण एल३ कॅशे निम्मी, १६ एमबीच आहे. तो पीसीआयई ३.० (ग्राफिक्स कार्ड जोडणाऱ्या मार्गाची जुनी, कमी वेगाची पिढी) पर्यंतच जातो हा आक्षेप तुम्हाला लागू नाही, कारण बी४५० बोर्डही त्यापुढे जात नाही. नावात एका अक्षराचा फरक ठेवून इतके वेगळे प्रोसेसर विकणे मला तरी पटत नाही.

प्रतिसाद ३ :
संपादनाबाबत एक प्रश्न विचारायचा राहिला आहे : तुमचा कॅमेरा कोणत्या स्वरूपात चित्रण करतो? ते १० बिट, ४:२:२, एच.२६५ (रंगांची अधिक माहिती जपणारे, पण उलगडायला जड स्वरूप) असेल, तर १२४०० मधील अंतर्गत ग्राफिक्स ते थेट उलगडते आणि टाइमलाइन अडखळत नाही. ५६०० ला मात्र, तुमचे ग्राफिक्स कार्ड ते उलगडत नसेल तर, तो सगळा भार कोअरवरच घ्यावा लागतो. तसे असल्यास नव्या बोर्डाचा खर्च समर्थनीय आहे, फक्त अंतर्गत ग्राफिक्स नसलेला १२४००एफ चुकूनही घेऊ नका.

प्रश्नकर्ता :
कॅमेरा ८ बिट एच.२६४ चित्रण करतो, त्यामुळे ५६०० च घेतो.

प्रतिसाद १ :
मग जुना प्रोसेसर काढण्यापूर्वीच बोर्डाचे बायॉस (संगणक सुरू करणारी बोर्डावरची मूळ प्रणाली) अद्ययावत करा. जुन्या बायॉसवर ५६०० लावल्यास संगणक सुरूच होणार नाही.