जुन्या गोमेकॉच्या इमारतीत आता काय असावं?

कांपालकर
पणजीत मांडवीकडे तोंड करून उभी असलेली जुनी गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज आणि त्याच्या इस्पितळाची जुनी इमारत, आपण येता-जाता पाहतो. नोव्हेंबरात इफ्फीची, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची रोषणाई असते, डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सवाची प्रदर्शनं. ते दिवस सोडले तर सामान्य माणसाला आत पाऊल टाकायला निमित्तच उरत नाही. माझं स्पष्ट मत आहे की इथे गोव्याच्या वैद्यकीय इतिहासाचं कायमस्वरूपी, बारमाही उघडं संग्रहालय हवं.

१८४२ साली याच परिसरात एस्कोला मेदिको-सिरुर्जिका ही पोर्तुगीजांची वैद्यकीय शाळा सुरू झाली. मुंबईचं ग्रँट मेडिकल १८४५ चं, म्हणजे आपल्यापेक्षा तीन वर्षांनी धाकटं. इथून शिकून बाहेर पडलेले गोंयकार डॉक्टर मोझांबिक, अंगोलापर्यंत गेले. मुक्तीनंतर १९६३ मध्ये हीच संस्था गोवा मेडिकल कॉलेज झाली आणि पुढे टप्प्याटप्प्याने बांबोळीला गेली. पणजीतल्या किती पोरांना हे माहीत आहे? त्यांच्या लेखी ती आयनॉक्सच्या बाजूची जुनी बिल्डिंग.

रीलनंबर७
कांपालकर, भावना समजते, पण इफ्फीला नावं ठेवू नका. २००४ मध्ये इफ्फी गोव्यात आला म्हणून या परिसराकडे सरकारचं लक्ष गेलं. इथल्याच माकिनेज पॅलेस या जुन्या वाड्याची डागडुजी झाली, इफ्फी भरवणारी एंटरटेन्मेंट सोसायटी तिथे बसली, आवारात चार पडद्यांचं आयनॉक्स उभं राहिलं. इस्पितळ गेल्यावर हा परिसर कोणी झाडायलाही फिरकलं नसतं. संग्रहालयाचं म्हणाल तर, काचेच्या कपाटात चार गंजलेल्या कात्र्या आणि पेंगणारा शिपाई. उद्घाटनाला मंत्री येतील, दुसऱ्या वर्षापासून कोण येणार?

सत्तरीची_लेक
मला वेगळंच खटकतं. आपण कोणाचा इतिहास मांडणार? एस्कोलाच्या आधी जुन्या गोव्यात रॉयल हॉस्पिटल होतं. पिरार द लावाल हा फ्रेंच प्रवासी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे रुग्ण म्हणून राहिला आणि त्याने त्याची भरभरून स्तुती केली. पण ते होतं पोर्तुगीज सैनिकांसाठी. आमच्या गावातल्या माणसाला तिथे खाट नव्हती, त्याचा आधार वैद्य आणि झाडपाला. एस्कोलात शिक्षण पोर्तुगीजमधून. म्हणजे कोणाची मुलं तिथवर पोचली असतील ते सांगायला नको. आणि तिथे शिकलेल्यांनाही पोर्तुगालमध्ये डॉक्टरकी करायची तर पुन्हा तिकडे शिकावं लागे. या सगळ्याचा गौरव करणारं दालन मला नको.

बांबोळी_निवृत्त
सत्तरीच्या बाय, तुमचा राग रास्त आहे, पण चित्र अर्धं आहे. याच एस्कोलाचे प्रमुख होते डॉ. फ्रोइलानो द मेलो. गोंयकार माणूस, सूक्ष्मजीवशास्त्रातला मोठा अभ्यासक. मलेरिया, क्षय, कुष्ठरोग यांवर त्यांनी गोव्यातच काम उभं केलं. मकाझन गावचं कुष्ठरोगालय त्यांच्याच प्रयत्नातलं. ते पणजीचे नगराध्यक्ष होते, पुढे पोर्तुगालच्या संसदेत गोव्याचे प्रतिनिधीही. त्यांना कोणत्या रकान्यात बसवणार?

आणि रुग्णांचं पाहा. १९७० मध्ये मांडवीवर पूल झाला, तोवर बारदेश-पेडण्याचा आजारी माणूस नदीपलीकडच्या बेतीहून फेरीबोटीने पणजीला यायचा आणि धक्क्यापासून थोड्या अंतरावर इस्पितळ. १९८६ च्या जुलैत तो पूल कोसळला आणि पुन्हा सगळा भार फेरीबोटींवर आला. ऐन पावसात, नदी फुगलेली असताना, आजारी माणसाला बोटीतून आणायचं म्हणजे काय, ते त्या पिढीला विचारा. हा इतिहास पोर्तुगिजांचा नाही, आपल्या आई-वडिलांचा आहे.

इस्पितळ तिथून हलायलाच हवं होतं, हेही मी तितक्याच ठामपणे सांगतो. रुंद व्हरांडे आणि उंच छत वाऱ्याला चांगलं. पण ऑक्सिजनच्या लाइनी, मोठ्या लिफ्ट, अवजड यंत्रं, वाढत जाणारे वॉर्ड या सगळ्याला तिथे जागा कुठून काढणार?

रीलनंबर७
डॉक्टरसाहेब, हे तुम्ही इथे लिहिलंत ते कुठल्याही कपाटापेक्षा मोलाचं आहे. पण मग ध्वनिमुद्रण करा, माहितीपट करा. त्यासाठी इमारत कशाला अडवायची?

चिरेबंदी
मी जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करते, म्हणून वापरापेक्षा भिंतीबद्दल बोलते. चिऱ्याची भिंत आणि चुन्याचा गिलावा हे जोडीने चालतात. पावसाळ्यात भिंत ओल पिते आणि उन्हाळ्यात चुन्यातून ती सोडते. घाईघाईत वरून सिमेंट मारलं की ओल आत कोंडते, वर्षा-दोन वर्षांत पापुद्रे सुटतात, चिरा आतून भुसभुशीत होतो. महोत्सवाची घाई मला म्हणूनच नको वाटते. तारीख ठरलेली असते, रंग लवकर हवा असतो, भिंत वाळायला कोणी थांबत नाही. तात्पुरते पडदे, खिळे, वायरी लावायच्या, काढायच्या, पुन्हा लावायच्या. रोज उघडणारी, रोज झाडली जाणारी खोली जास्त टिकते. गळती पहिल्याच पावसात कोणाच्या तरी नजरेला पडते.

रीलनंबर७
रोज उघडायचं तर रोज पगार द्यायचा. पैसा कुठून?

कांपालकर
याच जागेत मॉल आणायचा घाट घातला गेला तेव्हाही प्रश्न हाच पुढे केला होता, की सांभाळायचं तर पैसा कुठून? पणजीकर तेव्हा विरोधात उभे राहिले म्हणून आज आपण इथे भांडतो आहोत. सार्वजनिक इस्पितळाची जागा सार्वजनिकच राहावी, आणि तिचा खर्च सरकारने करावा, यात मला काहीच वावगं वाटत नाही.

सत्तरीची_लेक
माझा विरोध थोडा मागे घेते, पण अटीवर. वैद्यांचं ज्ञान, सुईणी, इस्पितळात राबलेले वॉर्डबॉय आणि आया, फेरीबोटीतून आलेले रुग्ण हे सगळं त्यात हवं. आणि माहिती मराठीत, कोकणीत. नुसत्या गव्हर्नरांच्या तसबिरी लागणार असतील तर मी विरोधातच.

बांबोळी_निवृत्त
अट मंजूर. अख्खी इमारत मीही मागत नाही. मांडवीकडच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या, सोमवार सोडून रोज उघड्या, तिकीट नाही. बाकीची जागा इफ्फीवाल्यांनी खुशाल वापरावी.

रीलनंबर७
दोन खोल्यांना माझी हरकत नाही. पण इफ्फीच्या आठवड्यातही त्या उघड्याच राहतील, हे आधी लिहून घ्या. बाहेरगावचे पाहुणे तेव्हाच येतात.