प्रेमापोटी केलेली ख्रिस्ती सेवा: देणाऱ्यांचे आणि घेणाऱ्यांचे अनुभव

जय ख्रिस्त, नमस्कार! मिशनरी चांगले की वाईट यावर भांडायला जागा पुष्कळ आहेत, इथे नको. स्वतःच्या बाबतीत घडलेलं तेवढं लिहा. तुम्ही ख्रिस्ती असाल आणि कुणासाठी काही केलं असेल, किंवा ख्रिस्ती नसाल आणि तुमच्यासाठी कुणी केलं असेल, दोन्ही चालेल. कडू असेल तरी लिहा, फक्त नावं घेऊ नका.

सुरुवात मीच करते. रविवारची उपासना आटोपली की आमच्या मराठी मंडळीतले काहीजण परळला टाटा मेमोरियलच्या आसपास जातात. तिथल्या फुटपाथवर बिहार-बंगालपासून आलेले पेशंट आणि त्यांची माणसं प्लॅस्टिक बांधून राहतात. सुरुवातीला आम्ही खिचडी न्यायचो. मग लक्षात आलं, खिचडी देणारे बरेच आहेत, अडतं ते दुसरीकडेच. फॉर्म कोण भरणार, रिपोर्टच्या रांगेत कोण उभं राहणार, पेशंटपाशी तासभर कोण बसणार म्हणजे त्याच्या बायकोला अंघोळ करून येता येईल. आता डबे कमी नेतो, माणसं जास्त.

डब्याबरोबर सुवार्तेचं पत्रक द्यायचं का, यावरून आमच्यात जोरदार वाजलं. मंडळीतले एक काका म्हणाले, "चांगली बातमी द्यायला लाज कसली?" माझं म्हणणं एवढंच होतं की भुकेल्या माणसाला 'नको' म्हणायची सोय नसते. ज्याला नकार देता येत नाही, त्याच्यापुढे पत्रक धरू नये. पत्रकं बंद झाली. गळ्यातला क्रॉस कुणी लपवत नाही, आणि कुणी विचारलंच तर मोकळेपणी सांगतो. काका अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलतात.

माळकऱ्याचा मुलगा, लालबाग:
बाबांचे शेवटचे दिवस वांद्र्याच्या शांती आवेदना सदनात गेले. माउंट मेरीजवळ आहे, १९८६ पासून चालू. कॅन्सर आता बरा होणार नाही, असं सांगून झालेल्या पेशंटसाठी. पैसे घेत नाहीत. सिस्टर सांभाळतात. आम्ही बाबांना तिथे नेलं तेव्हा घरात कुजबुज झाली होती, आत्या तर म्हणाली, "आता पाणी शिंपडतील."

बाबा पक्के माळकरी. अंग पुसताना सिस्टर तुळशीची माळ काढून उशीखाली ठेवायच्या आणि पुसून झालं की स्वतःच्या हाताने परत घालायच्या. एकदा घाईत राहिली, तर अर्ध्या वाटेवरून परत आल्या. सकाळी मोबाइलवर हरिपाठ लावायची आठवणही त्याच करायच्या. बाबांनीच एकदा विचारलं, "सिस्टर, तुमचा देव काय म्हणतो?" त्या म्हणाल्या, "आजारी माणसाजवळ बस म्हणतो. बाकी तुम्ही बरे दिसलात की सांगेन." आणि चादर बदलायला लागल्या. आत्या नंतर दर आठवड्याला यायची. तिथला चहा तिला आवडायचा, असं ती म्हणते.

नाव नको:
माझा अनुभव उलटा. आई आजारी असताना प्रार्थनेला म्हणून एक गट घरी यायचा. मनापासून रडून प्रार्थना करायचे, ते खोटं नव्हतं. पण पुढे त्यांच्यातला एकजण म्हणाला, विश्वास असेल तर गोळ्या कशाला? आम्ही गोळ्या चालू ठेवल्या. हळूहळू यायचे बंद झाले. आई गेली तेव्हा कुणी फिरकलं नाही. समोरच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या कॅथलिक, मावशी मात्र तेरा दिवस दोन्ही वेळचं जेवण पाठवत होत्या, तेही कांदा-लसूण न घालता.

धारावीचा भाऊ:
ताई, तुमचं पत्रकाबद्दलचं पटत नाही. मी दारूत बुडालो होतो. बायको माहेरी, पोरं मामाकडे. चाळीतल्या एका भावाने मला येशूबद्दल सांगितलं, एकदा नाही, रोज. मी शिव्या घातल्या तरी सांगितलं. त्याने तुमच्यासारखा विचार केला असता तर मी आज नसतो. प्रेम आहे तर जे आपल्याला मिळालं ते दुसऱ्याला का द्यायचं नाही? नुसती खिचडी द्यायला कोणीही देतं.

इतिहासाचा किडा:
वाद जुना आहे. मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी, ख्रिस्ती सेवासंस्था) १८८२ मध्ये मुंबईत उतरली. फ्रेडरिक टकर हा सनदी नोकरी सोडून आलेला इंग्रज. देशी कपडे घातले, फकीर सिंग नाव घेतलं, लोकांसारखं राहायचं म्हणून. आणि रस्त्यावर मिरवणुका काढल्या म्हणून इंग्रजांच्याच पोलिसांनी पकडलं! म्हणजे सेवाही उघड आणि सांगणंही उघड.

घरातलं उदाहरण हवं तर कवी ना. वा. टिळक. त्यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये, स्वतःला पटल्यावर. आणि कायद्याचं म्हणाल तर राज्यघटनेचं कलम २५ धर्मप्रचाराचा हक्क देतं, पण त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्ये सांगितलं.

रुईयाची एक:
भायखळ्याला आशा दानमध्ये गेले होते, मदर तेरेसांच्या सिस्टरांकडे. खरं सांगायचं तर सर्टिफिकेट मिळेल म्हणून. मोबाइल काढताच निळ्या काठाच्या साडीतल्या सिस्टर म्हणाल्या, "तो पिशवीत ठेव. नेलकटर घे." दुपारभर मुलांची नखं कापली. एका मुलीला हात धरलेला आवडायचा नाही, तिच्या एका बोटाला अर्धा तास लागला. सर्टिफिकेट मागायचं राहून गेलं.

धागाकर्ती:
भाऊ, तुमचं मान्य, पण एक फरक बघा. तो भाऊ तुमच्याच चाळीतला होता. शिव्या खाऊन दुसऱ्या दिवशी तुमच्याच समोर नळावर उभा राहणार होता, आणि तुम्हाला शिव्या द्यायची मुभा होती. फुटपाथवरच्या माणसाला ती नाही, आणि आम्ही तर संध्याकाळी लोकल पकडून घरी. रोज येणार असाल तर सांगा, माझी ना नाही.

'नाव नको', तुमच्या आईबद्दल वाचून वाईट वाटलं. गोळ्या बंद करा म्हणणाऱ्याला आमचे पाळकसाहेब उभं करणार नाहीत, एवढं खात्रीने सांगते.

बाकी, बंगाली बोलता येणारं कुणी असेल तर येत्या रविवारी दुपारी परळला या. ख्रिस्ती असायची अट नाही. फॉर्म इंग्रजीत असतात आणि पेशंटला विचारून ते भरताना आम्हाला हिंदीपलीकडे बोलायला जमत नाही.