शिवण क्लास बंद होतोय : मशिनी आणि उरलेला माल ऑनलाइन कुठे विकावा? नागपूर

महालची_लेक

नमस्कार मंडळी. महालात आमच्या आईचा शिवण क्लास आहे, सोबत लेडीज टेलरिंग. ते आता बंद करून राहिलो. आईचे गुडघे पार गेले, पायडल मारणं होत नाही. खोली भाड्याची आहे आणि दिवाळी झाली की रिकामी करून द्यायची आहे.

सामान असं आहे : काळ्या रंगाच्या जुन्या पायमशिनी पाच, बिडाच्या स्टँडसकट. मोटरवर चालणाऱ्या जुकी दोन, टेबलासकट. तीन धाग्यांची एक ओव्हरलॉक (कापडाची कड बांधणारी मशीन), एक पिको-फॉलची मशीन. मोठं कटिंग टेबल, लोखंडी रॅक, आरसा, दोन पुतळे. शिवाय उरलेला माल : अस्तराचे तागे, टू बाय टू रुबियाचे तुकडे, साडीचे फॉल, रिळांचे डबे, लेस, हूक, चेन. यातला बराचसा कोरा आहे, काही दहा-बारा वर्षांपूर्वीचा.

एक कबाडी येऊन गेला. मशिनीकडे नीट पाहिलंसुद्धा नाही, सगळ्याचा वजनावर भाव सांगितला. आई त्याच्यासमोर काही बोलली नाही. तो गेल्यावर म्हणाली, "माझ्या मशिनी वितळायला नको जायला. शिवणाऱ्या बाईच्याच घरी जाऊ दे, पैसे थोडे कमी आले तरी चालेल." मलाही तेच हवं आहे. या मशिनींवर शिकून किती जणींनी आपापली घरं चालवली, ते मी लहानपणापासून पाहत आले.

तर ऑनलाइन विकायचं झालं तर कुठे टाकू? ओएलएक्सचं नाव ऐकून आहे, तिथे फसवाफसवी फार चालते असंही ऐकते. फेसबुकवर चालतं का? सगळं एकत्र टाकू की वेगवेगळं? आणि रिळं-लेससारख्या बारीक मालाचं काय करायचं?

---

इतवारीकर

ताई, माझं आयुष्य कापडाच्या आणि शिलाईच्या सामानाच्या दुकानात गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळं एकत्र अजिबात टाकू नका. "टेलरिंगचं पूर्ण सामान विकणे आहे" अशी जाहिरात दिली की फोन फक्त व्यापाऱ्यांचे येतात, आणि व्यापारी कबाड्यासारखाच ढीग पाहून भाव करतो. तुमच्याकडे निदान चार प्रकारचं गिऱ्हाईक लागणारं सामान आहे. ते चार जण एका ठिकाणी भेटत नाहीत.

पहिल्यांदा जुकी आणि ओव्हरलॉक. यांना मागणी पक्की आहे, फक्त वेळ साधा. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते, ब्लाउज आणि लेहंग्याचं काम घेणारे त्याच्या आधी मशीन शोधतात. म्हणजे जाहिरात दिवाळीनंतर नाही, आत्ताच टाका. दुसरा हंगाम गणवेशांचा. विदर्भात शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटाकडे उघडतात, त्यामुळे ते काम मे-जूनमध्ये येतं, पण तोवर तुमची खोली राहणार नाही.

जुकी आणि ओव्हरलॉकसाठी ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेस, दोन्हीकडे टाका. नागपुरात दोन्हींवर घरगुती सामानाचं गिऱ्हाईक असतं. मथळ्यात "शिलाई मशीन" लिहाच, पण "सिलाई मशीन" हेही लिहा आणि तेच रोमन अक्षरांतही टाका. आपल्या शहरात निम्मे लोक हिंदीत बोलतात आणि मोबाइलवर रोमनमध्ये शोधतात. नुसतं शुद्ध मराठीत लिहिलं तर कामठी रोडवरच्या गिऱ्हाइकाला तुमची जाहिरात दिसणारच नाही.

फोटो सकाळच्या उजेडात काढा. एक पूर्ण मशीन टेबलासकट, एक सुईजवळचा, एक मोटरचा, एक मशीनच्या नंबरचा. कुठे खरवडलं असेल, गंज असेल तर त्याचाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं : एक छोटा व्हिडिओ. पॉपलीनचा दुहेरी तुकडा घ्या, सरळ शिलाई मारा, मग कापड उलटवून खालची शिलाईसुद्धा दाखवा. शिवणारा माणूस खालची शिलाई पाहूनच मशीन ओळखतो. टाका वरखाली सारखा पडत असेल तर अर्धा सौदा तिथेच झाला समजा. हा व्हिडिओ, जो मनापासून विचारेल त्याला व्हॉट्सॲपवर पाठवा.

मोटर कोणती आहे तेही लिहा. क्लच मोटर शिवत नसतानाही फिरत राहते आणि वीज खाते, सर्वो मोटर पाय दाबला की फिरते. घरी काम करणारी बाई हे विचारतेच. सर्वो असेल तर भाव सांगताना तसं ठासून सांगा.

भावाचं म्हणाल तर आज नव्या मशीनला काय पडतं ते सीताबर्डीला किंवा इतवारीत दोन दुकानांत विचारून या आणि मग आकडा ठरवा. एक लक्षात ठेवा, प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत शिंपीकामही आहे आणि पात्र कारागिराला अवजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर मिळतं. त्यामुळे साध्या घरगुती मशीनसाठी जुन्याला फार भाव देणारं गिऱ्हाईक कमी झालं असं माझं मत आहे. जुकी आणि ओव्हरलॉकचा भाव मात्र सोडू नका.

आता पायमशिनी. इथे तुम्हाला आईंशी बोलावं लागेल. बिडाच्या स्टँडला सध्या वेगळंच गिऱ्हाईक आहे. हॉटेल-कॅफेवाले आणि घर सजवणारे लोक मशीन काढून ठेवतात आणि स्टँडवर काच किंवा लाकडाची फळी टाकून टेबल करतात. ते शिवणाऱ्या बाईपेक्षा जास्त पैसे देतात, घासाघीसही करत नाहीत. पण मशीन शिवणार नाही. हे आधी माहीत असलेलं बरं, कारण जाहिरात टाकली की पहिले फोन याच लोकांचे येतील.

---

उमरेडची_ताई

इतवारीकर भाऊंनी छान सांगितलं. माझी एकच भर : तुमचं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक कोणत्याही ॲपवर नाही, आईंच्या क्लासच्या रजिस्टरात आहे. शिकून गेलेल्या मुलींचे नंबर असतीलच. त्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप करा आणि ॲपवर टाकण्याआधी फोटो तिथे टाका. स्वतःला नको असेल तर जावेला, नणंदेला, शेजारणीला सांगतील. ज्या मशीनवर हात बसला ती मशीन कोण सोडतं!

दुसरं, बचत गट. माविम म्हणजे 1975 साली स्थापन झालेलं महिला आर्थिक विकास महामंडळ बायकांचे गट बांधतं. त्यांची लोकसंचालित साधन केंद्रं तालुक्या-तालुक्यांत आहेत. तिथे फोटो पाठवून "शिवणकाम करणाऱ्या गटांना कळवा" असं सांगितलं तर निरोप खेड्यापर्यंत पोचतो. आमच्या गटात दोघी जणी ओव्हरलॉक शोधून राहिल्या. दुकानातली नवी परवडत नाही, आणि कापडाच्या कडा इंटरलॉक करून आणायला दर वेळी बसनं नागपूर गाठावं लागतं. ताई, तुमची ओव्हरलॉक अजून आहे का?

---

हिशेबनीस_धरमपेठ

दोन-तीन कागदी गोष्टी सांगतो, त्या आधी बघून घ्या.

मशिनी बँकेच्या कर्जातून घेतल्या होत्या का? मुद्रा वगैरे कर्ज असेल तर ते फिटेपर्यंत मशिनी बँकेकडे तारण असतात. आधी बँकेचं ना-हरकत पत्र घ्या, मग विका.

जीएसटी नोंदणी नसेल तर विक्रीवर जीएसटी लावण्याचा प्रश्न येत नाही. नोंदणी असेल तर मात्र बिल करावं लागेल. आईंच्या धंद्याच्या हिशेबात मशिनींवर घसारा (वापरामुळे किमतीत धरलेली घट) घेतला असेल तर विक्रीचे पैसे त्या हिशेबात दाखवावे लागतात, म्हणून विवरणपत्र भरणाऱ्याला विक्रीची यादी द्या. घरातलं कपाट विकणं आणि धंद्याची मशीन विकणं, आयकरात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रत्येक मशीनसाठी साधी पावती लिहा : मशीनचा नंबर, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या. दोन प्रती. जुनं बिल सापडलं तर त्याची झेरॉक्स सोबत द्या. मशीन चोरीची नाही एवढी घेणाऱ्याची खात्री झाली की तो भावात फार ताणत नाही.

---

महालची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. रजिस्टर सापडलं! आई आता एकेक नाव वाचून सांगते आहे की ही कुठली, हिचं लग्न कुठे झालं. कर्ज नाही, जीएसटी नाही, बिलंही बहुतेक आहेत.

पायमशिनींबद्दल आईला विचारलं. पाचपैकी दोघींचं काही खरं नाही, एकीच्या अंगाला तडा गेला आहे आणि दुसरीचा हूक जाम होऊन वर्षं झाली, सुटा भाग मिळत नाही. त्या दोन टेबलवाल्यांना द्यायला तिची हरकत नाही. बाकी तीन शिवणाऱ्यांनाच. टेबलवाल्यानं दुप्पट दिले तरी त्या तीन द्यायच्या नाहीत, हे ठरलं.

उमरेडची ताई, ओव्हरलॉक आहे, तुमच्यासाठी थांबवते.

फसवणुकीबद्दल कोणी सांगाल का? काल नुसती ट्रायल म्हणून आरशाचा फोटो टाकला, तर लगेच एकाचा फोन. म्हणे मी मिलिटरीत आहे, सामान बघायला यायची गरज नाही, पैसे लगेच पाठवतो, फक्त मी पाठवतो तो क्यूआर स्कॅन करा. मी फोन ठेवून दिला.

---

बुटीबोरीवाला

ताई, अगदी बरोबर केलं. हा सापळा देशभर चालतो आणि त्यात मिलिटरीचं नाव घेतात, कारण आपण त्या नावावर विश्वास ठेवतो.

पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, आणि समोरच्याचा क्यूआर स्कॅन करायची गरज नसते. स्कॅन करून पिन टाकला म्हणजे तुम्ही पैसे दिले. हे आईंना आणि घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा, कारण फोन तुमच्या पाठीमागेही येईल.

याचे आणखी प्रकार आहेत. खोटा मेसेज येतो, "5,000 जमा", आणि पाठोपाठ फोन, "चुकून जास्त गेले, उरलेले परत करा." मेसेजवर जाऊ नका, बँकेच्या ॲपमध्ये खात्यात खरंच जमा झालेत का ते पाहा. 1 ऑक्टोबर 2025 पासून एका माणसानं दुसऱ्याला यूपीआयवर पैसे मागायची रिक्वेस्ट पाठवणं बंद झालं आहे, तेवढी एक वाट कमी झाली. क्यूआरची वाट उघडीच आहे. कोणाचे पैसे गेलेच तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करायचा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम मधेच थांबवण्याची शक्यता जास्त.

ॲपवर नंबर लपवायची सोय आहे, ती वापरा, आधी चॅटवरच बोला. ज्याला खरंच मशीन हवी तो येऊन चालवून बघतो. न बघता, भाव न करता "घेतली" म्हणणाऱ्याला उत्तरच देऊ नका. गिऱ्हाईक येईल तेव्हा घरात दोघं-तिघं असू द्या आणि पैसे खात्यात दिसल्यावरच मशीन उचलू द्या. जुकी टेबलासकट जड असते, उचलायला माणसं आणि छोटा हत्ती (लहान टेम्पो) ज्याचा त्यानं आणायचा, हे जाहिरातीतच लिहून टाका. नाहीतर ऐन वेळी त्यावरूनच वाद होतो.

---

इतवारीकर

बारीक मालाचं राहिलंच होतं.

आधी निवडानिवड करा. रीळ दोन्ही हातांत धरून झटका द्या. सुती दोरा जुना झाला, उन्हात राहिला की सहज तुटतो, तो विकू नका. त्यावर शिवलेलं ब्लाउज उसवलं की शिव्या तुमच्या आईंच्या नावानं पडतील. पॉलिस्टरचा दोरा बहुतेक टिकलेला असेल. अस्तराचे तागे पूर्ण उलगडून बघा, घडीवर रंग उडाला असेल तर तसं स्पष्ट सांगून भाव कमी करा.

चांगला निघालेला माल सुटा विकायला बसू नका, वेळ जाईल आणि हातात काही येणार नाही. संच करा. पन्नास रंगांची रिळं एक संच, लेसचे दहा प्रकार एक संच, हूक-चेन-बटणांचा एक डबा. असे संच मशीनच्या गिऱ्हाइकालाच पहिल्यांदा दाखवा. नवीन काम सुरू करणारीला मशीनसोबत दोरे मिळाले तर ती दुसरीकडे जात नाही. उरतील ते इन्स्टाग्रामवर आणि फेसबुकच्या हस्तकलेच्या ग्रुपांत टाका. तिथे गोधड्या, बाहुल्या, पिशव्या करणाऱ्या बायका असतात. हा माल हलका असतो, कुरिअरनं पुण्या-मुंबईलाही जातो. कुरिअरचा खर्च आधी सांगा आणि पैसे आल्यावरच पार्सल करा.

इंडियामार्टचं नाव कोणी सुचवेल. ते व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांचं आहे, तिथे विचारणा मोठ्या लॉटची येते. तुमच्या मालासाठी ते नको. मीशो, ॲमेझॉनही तुमच्या कामाचं नाही, तिथे नवीन मालाचा कायमचा धंदा करणाऱ्यांचं काम.

कटिंग टेबल आणि रॅक ऑनलाइन टाका, पण फोटोसोबत लांबी-रुंदी-उंची लिहा. माप नसलं की प्रत्येक जण तेच विचारतो. पुतळ्यांसाठी गांधीबागेतल्या दुकानांत फोटो दाखवून या, ते ऑनलाइनपेक्षा तिथेच लवकर जातील.

---

उमरेडची_ताई

ओव्हरलॉक थांबवल्याबद्दल खूप आभार ताई. आम्ही दोघी रविवारी येतो, सोबत गटाच्या अध्यक्षाही आहेत. पायमशीनही एक बघू, गटातल्या एका मुलीला शिकायला हवी आहे. लाइट गेली तरी चालते म्हणून तिला तीच पाहिजे. पैसे गटाच्या खात्यातून येतील, पावती गटाच्या नावानं करून द्याल का?

---

महालची_लेक

हो, गटाच्या नावानं करते. रविवारी अकराच्या आत या, आई सकाळी बसू शकते, दुपारनंतर पाय दुखतात. ओव्हरलॉकमध्ये दोरे ओवणं ती स्वतः दाखवेन म्हणते आहे, तेव्हा तुमचं थोडं कापड सोबत आणा. होजिअरी आणि सुती दोन्ही आणा, म्हणजे दोन्हीवर चालवून बघता येईल.