उंच इमारती ऊबदार करायच्या, पण आगीचे काय?

मूळ लेख

लंडनच्या उत्तर केन्सिंग्टनमधील ग्रेनफेल टॉवर या चोवीस मजली निवासी इमारतीला १४ जून २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर आग लागली आणि ७२ जणांचे प्राण गेले. चौथ्या मजल्यावरील एका फ्रीजपासून सुरू झालेली आग त्याच घरात विझायला हवी होती. पण ती खिडकीच्या कडेने बाहेर पडली आणि अर्ध्या तासाच्या आत इमारतीच्या माथ्याला भिडली. १९७४ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीचे काँक्रीट आगीला दाद देणारे नव्हते. पेटले ते २०१६ मध्ये संपलेल्या नूतनीकरणात तिच्या अंगावर चढवलेले आवरण: ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये पॉलिएथिलीन हे जळणारे प्लास्टिक, मागे हवेची पोकळी आणि त्याच्याही मागे फोमचे इन्सुलेशन, म्हणजे घरातली ऊब धरून ठेवणारा थर.

डिसेंबर २०१८ पासून इंग्लंडमध्ये १८ मीटरपेक्षा उंच नव्या निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत जळणाऱ्या साहित्याला बंदी आहे. माझ्या मते मोजमाप मीटरचे नव्हे, जिन्याचे असावे. ग्रेनफेलला एकच जिना होता. जेथे उतरायला एकच वाट आहे, तेथील भिंतींची तपासणी पुरी होईपर्यंत बाहेरून इन्सुलेशन बसवण्याचे काम थांबवावे, मग थंडीची दोन-चार वर्षे आणखी काढावी लागली तरी चालतील.

प्रतिसाद १

‘दोन-चार वर्षे’ हे शब्द मला फार खटकले. मी मँचेस्टरमध्ये अकराव्या मजल्यावर राहतो. हिवाळ्यात सकाळी उठल्यावर पहिले काम म्हणजे खिडकीच्या कठड्यावर रात्री ठेवलेला टॉवेल पिळणे. मुलीच्या खोलीतील उत्तरेकडच्या कोपऱ्यात काळी बुरशी आहे. दर महिन्याला ती पुसतो आणि दर महिन्याला ती परत येते. येथून जवळच रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचे एक मूल घरातील बुरशीमुळे दगावले. थंड, ओली घरेही माणसे मारतात. फक्त त्यांचा धूर दिसत नाही. शिवाय न जळणारे मिनरल वूल, म्हणजे खनिजांच्या तंतूंचे इन्सुलेशन, बाजारात आहेच. तेवढ्याच उबेसाठी फोमच्या साधारण दीडपट जाडीचा थर लागतो, एवढेच. जाडी वाढवा, खर्च सोसा, पण काम थांबवू नका.

प्रतिसाद २

आपण दोघेही उबेवर बोट ठेवत आहात, म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. ग्रेनफेलची आग पसरवण्यात सर्वांत मोठा वाटा पत्र्यांमधील पॉलिएथिलीनचा होता आणि त्या पत्र्यांचा उबेशी काहीही संबंध नव्हता; ते पाऊस अडवण्यासाठी आणि देखणेपणासाठी होते. आधी जस्ताचे पत्रे योजले होते. ते बदलून सुमारे ३ लाख पौंड वाचवले गेले. तेव्हा दोष ऊर्जाबचतीचा नाही, काटकसरीचा आहे. सप्टेंबर २०२४ च्या अंतिम चौकशी अहवालाने साहित्य बनवणाऱ्यांच्या पद्धतशीर अप्रामाणिकपणावरही ठपका ठेवला.

मात्र प्रतिसाद १ मधील उपायही अपुरा आहे. लिव्हरपूलजवळच्या नोज्ली हाइट्स या अकरा मजली इमारतीत १९९१ मध्येच नव्या आवरणामागील पोकळीतून आग वर चढली होती, कारण पोकळीत मजल्यागणिक ती अडवणारे अडसर बसवलेले नव्हते. साहित्य कितीही चांगले असले, तरी पत्रा लागल्यावर आतला अडसर कोणाला दिसणार?

मूळ लेखकाचे उत्तर

पत्र्यांविषयीची दुरुस्ती मान्य आहे. मी सारा दोष सरसकट नूतनीकरणाच्या माथी मारला होता. तरी इन्सुलेशनचा फोमही जळणाराच होता आणि त्याने आगीला हातभार लावला, हे नजरेआड करता येत नाही.

बुरशीचा मुद्दा वाचून ‘थांबवावे’ हा शब्द मी मागे घेतो. भिंतींची तपासणी होईपर्यंत आतून खिडक्या बदलणे, ओल बाहेर टाकणारे पंखे बसवणे, हीटिंग सुधारणे ही कामे लगेच व्हायला हवीत. बाहेरचे काम सुरू झाले, तर पत्रा लावण्याआधी प्रत्येक मजल्यावरील अडसराचे छायाचित्र काढून ते तेथील रहिवाशांच्या हाती द्यावे, असा माझा आग्रह राहील.

प्रतिसाद १

छायाचित्रांची अट मला मान्य आहे. आमच्या इमारतीला परांच्या लागतील तेव्हा मी स्वतः ती मागून घेईन. पंख्यासाठी मात्र तीन वर्षांपासून अर्ज करतो आहे.