प्रति: कलेक्शन शिवताना ट्रायल पीस करावा का?

वर विचारलंय की फॅशन डिझाइनच्या कोर्सचं कलेक्शन सबमिशन तोंडावर असताना स्वस्त कापडावर ट्रायल शिवण्यात वेळ घालवायचा का, तर माझ्या मते हो, पण सगळ्याच कपड्यांची नको. साधा ए-लाइन स्कर्ट सोडून दे, जिथे बाही, कॉलर नाहीतर उरेब कटिंग (कापडाच्या धाग्यांना तिरकं कापणं) आहे तिथे मात्र हवीच. आणि ट्रायलचं कापड फायनलच्याच वजनाचं घे, जाड मांजरपाटावर छान बसलेलं फिटिंग जॉर्जेटमध्ये लोंबतं. उरेब कापलेला स्कर्ट तर रात्रभर टांगूनच ठेवायचा, कापड कुठे जास्त कुठे कमी खाली उतरतं, मगच घेर सारखा कापून खालची दुमड घालायची. स्केचेस भारीच असतात गं सगळ्यांची, मार्क जातात ते शिवणीत! आणि हो, कॉटन असेल तर धुवून इस्त्री करूनच कटिंगला घे, आटतं नंतर.