मदत हवी आहे: कॉलेज विद्यापीठात विलीन होतंय, सीट घ्यावी का?

कल्याण_लोकल: भाचीला इंजिनीअरिंगच्या कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) दुसऱ्या राउंडला सीट लागली. आता कानावर येतंय की कॉलेज त्यांच्याच संस्थेच्या खाजगी विद्यापीठात विलीन होणार. घ्यायची की सोडायची? उद्या ५ पर्यंत मुदत. कॉलेजचा फोन सकाळपासून एंगेज. माहीतगारांनीच लिहा. 'शिक्षणाचा बाजार झालाय' हे मलाही ठाऊक आहे.

मुलुंडकर: कुठलं कॉलेज, ब्रँच कोणती, पसंती कितवी, कॅटेगरी काय? काहीच सांगायचं नसेल तर ज्योतिषाकडे जा.

कल्याण_लोकल: कॉलेजचं नाव नको, तिथेच शिकायची वेळ आली तर? मुंबईतलंच आहे. आयटी. चौथी पसंती.

जुना_अभियंता: मुलाला म्हणावं, ब्रँच बघ. आमच्या वेळी व्हीजेटीआय म्हणजे व्हिक्टोरिया ज्युबिली होतं, १९९७ मध्ये वीरमाता जिजाबाई झालं. आमचं काही अडलं नाही.

मुलुंडकर: काका, नाव बदलणं वेगळं आणि विद्यापीठ बदलणं वेगळं.

जुना_अभियंता: मग केमिकल टेक्नॉलॉजीवाल्या युडीसीटीचं काय? २००८ मध्ये स्वतःच अभिमत विद्यापीठ झालं. भाव उतरला का त्यांचा?

मुलुंडकर: ती सरकारी संस्था हो. इथे खाजगी विद्यापीठाचं चाललंय.

वहिनीसाहेब: माझे दीर न्यूयॉर्कला ब्रुकलिनच्या पॉलिटेक्निकमध्ये होते. २००८ मध्ये ते एनवाययूशी (न्यूयॉर्क विद्यापीठाशी) जोडलं गेलं, २०१४ मध्ये पूर्ण विलीन झालं. मोठं नाव लागल्यावर स्थळंसुद्धा चांगली यायला लागली 😄 बिनधास्त घ्या.

मुलुंडकर: तिकडे फी-सवलतीसाठी महाडीबीटीचा फॉर्म भरावा लागत नाही, वहिनी.

माटुंगा_सीआर: आमचं कॉलेज असंच विद्यापीठात गेलं तेव्हा मी तिसऱ्या वर्षाला होतो. आमच्या बॅचला शेवटपर्यंत मुंबई विद्यापीठाचीच पदवी मिळाली. हाल झाले ते इयर डाऊनवाल्यांचे, म्हणजे विषय राहून वर्ष मागे पडलेल्यांचे. आमच्या खालची बॅच नव्या विद्यापीठाची, विषय वेगळे, क्रेडिट वेगळे. एका मित्राला गणित-४ चा पेपर द्यायला कोणी वालीच नव्हता, दोन सेमिस्टर नुसता या टेबलावरून त्या टेबलावर. तेव्हा केटी (नापास विषय मागे) लावून घेऊ नका, एवढंच सांगेन. आणि कॉलेजच्या साइटवर एआयसीटीईचं (तंत्रशिक्षण परिषदेचं) यंदाचं मान्यतापत्र असतं, त्यात संलग्न विद्यापीठाचं नाव छापलेलं असतं. कानावर आलेल्यापेक्षा ते बघा.

ठाणेकर_९०: उगाच घोळ नको, फ्रीज करून टाका, म्हणजे हीच सीट पक्की.

माटुंगा_सीआर: का म्हणून? दुसऱ्या राउंडला पहिल्या तीन पसंतीतली सीट लागली तरच ऑटो-फ्रीज. यांची चौथी आहे. १००० भरून सीट स्वीकारायची आणि बेटरमेंटला, म्हणजे वरच्या पसंतीसाठी पुढच्या राउंडला राहायचं. वरची लागली तरच ही सुटते.

ठाणेकर_९०: माझ्या पुतण्याने बेटरमेंट घेतलं आणि हातची कॉम्प्युटर गेली.

माटुंगा_सीआर: वर सिव्हिल भरलेली असणार. लागली, मग गेली. यादी नीट लावली नाही, त्याला बेटरमेंट काय करणार?

कल्याण_लोकल: अहो, मुलगा नाही, भाची आहे म्हटलं ना. ओबीसी, नॉन-क्रीमी लेयर काढलंय. फी माफ होते म्हणून तर हे कॉलेज भरलं, नाहीतर आमच्या दाजींना झेपणारं नाही.

मुलुंडकर: हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं हो! जुलै २०२४ चा जीआर वाचा. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ. पण प्रवेश कॅपमधून हवा आणि खाजगी विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत. यंदा कॅपमधून सीट मिळालीय, म्हणजे पहिल्या वर्षाचं निभेल. पुढच्या वर्षी ही बॅच कुठल्या विद्यापीठात धरणार, ते कॉलेजकडून लेखी मागा.

वहिनीसाहेब: लेखी कोण देतं आजकाल?

कल्याण_लोकल: सुट्टी टाकून जाऊन आलो. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "आमच्यापर्यंत तसं पत्र नाही." मग अर्जच दिला आणि आवक नंबर घेतला. यंदाच्या मान्यतापत्रात मुंबई विद्यापीठच आहे. १००० भरले, बेटरमेंट ठेवलं. दुसरी पसंती वाशीची आहे. भाची म्हणते, लागली तर बरंच, ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलला निदान पाय ठेवता येतो. माटुंगा_सीआर आणि मुलुंडकर, आभार.

जुना_अभियंता: वाशीला आयटीपेक्षा केमिकल बघा. एमआयडीसी जवळ आहे.